बंदिनींचे परस्परप्रेम आणि तुरुंगाचे दप्तर

तुरुंगाचा इतिहास बहुधा त्याच्या दप्तरावरून लिहिला जातो. त्यामुळे दप्तराला जे दिसले नाही ते इतिहासातूनही गळते. बंदिनींच्या परस्परप्रेमासंबंधी ही उणीव विशेष जाणवते. १८९४ च्या कारागृह अधिनियमाच्या २७ व्या कलमाने स्त्री-कैद्यांना पुरुषांपासून असे अलग ठेवण्यास सांगितले होते, की त्यांची दृष्टादृष्टही होऊ नये. मोहाचे भय कायदेकारांना भिंतीपलीकडून वाटत होते. भिंतीच्या आत, दोन स्त्रियांमध्ये, काही अंकुरेल हा विचार त्या कलमाला शिवलेला नाही. १८६० च्या दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाची शब्दयोजनाही अशी, की स्त्रियांचे संबंध बहुतांशी त्याच्या कक्षेबाहेर पडत. परंतु नाव न घेणे म्हणजे मोकळीक देणे नव्हे. त्याच कारागृह अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने 'अनैतिक, अशिष्ट वा बेशिस्त वर्तन' हा तुरुंगातील अपराध ठरविला होता. या ऐसपैस शब्दांत काय बसवावयाचे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहिले. म्हणजे असे प्रेम दप्तरात उमटलेच, तर शिक्षेच्या नोंदीतून उमटावयाचे.

अमेरिकेत या विषयाचा अभ्यास लवकर सुरू झाला. मार्गारेट ओटिस यांनी १९१३ मध्ये सुधारगृहातील गोऱ्या व काळ्या मुलींच्या परस्पर आकर्षणावर निबंध लिहिला; परंतु त्याला त्यांनी विकृतीच म्हटले. वॉर्ड व कॅसेबॉम (१९६५) आणि रोझ जिआलोम्बार्डो (१९६६) यांनी ही भाषा टाकून समाजशास्त्राची भाषा स्वीकारली. बंदिनी आपापसांत पती, पत्नी, माता, कन्या अशी मानलेली नाती कशी उभारतात, हे जिआलोम्बार्डो यांनी दाखविले. मात्र या संबंधांचे मूळ मुख्यतः वंचनेत शोधण्याकडे या अभ्यासांचा कल होता. पुरुष नाही म्हणून स्त्री, असे त्याचे ढोबळ रूप. या उपपत्तीत तथ्यांश आहे. परंतु तीत प्रेमाला स्वतःचे कारण उरत नाही.

ती किती अपुरी आहे हे तुरुंगाबाहेरच्या एका घटनेवरून कळते. भिलाई ज्या मध्य प्रदेशात तेव्हा मोडत होती, तेथे सशस्त्र पोलीस दलातील दोन स्त्री-शिपायांनी १९८७ च्या अखेरीस विधिपूर्वक परस्परांस वरले. १९८८ च्या प्रारंभी दोघींना नोकरीतून काढण्यात आले. येथे पुरुषांचा अभाव नव्हता. होती ती निवड. आणि तिला शासन झाले ते दंडसंहितेने नव्हे, शिस्तीच्या नावाने. बराक पोलिसांची असो वा कैद्यांची, तिचा न्याय सारखाच दिसतो.

वाङ्मयाने ही पोकळी कितपत भरली? विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाने १९८१ मध्ये स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम मराठी रंगभूमीवर आणले. ते विश्व मात्र महाविद्यालयाचे. आपल्या तुरुंगवाङ्मयाची ख्यात परंपरा 'माझी जन्मठेप'सारख्या राजबंद्यांच्या लेखनाची आहे. राजबंदी ध्येयासाठी कारावास सोसतो आणि लिहितोही त्याच ध्येयाच्या प्रकाशात. शेजारच्या सामान्य कैद्याचे हृद्गत त्याच्या कक्षेत क्वचितच येते. या दृष्टीने सुधा भारद्वाज यांचे २०२३ मधील इंग्रजी पुस्तक लक्षणीय ठरते. खुर्सीपारसारख्या कामगारवस्त्यांच्या भिलाईत त्यांनी दीर्घकाळ कामगारांमध्ये काम केले होते. भीमा-कोरेगाव प्रकरणात २०१८ मध्ये अटक झाल्यावर त्या येरवड्याच्या फाशी यार्डात होत्या, आणि त्या काळावरील पुस्तकात त्यांनी स्वतःपेक्षा सहबंदिनींची शब्दचित्रे अधिक रेखाटली. असा डोळाच पुढे या विषयाचाही साक्षीदार होऊ शकेल.

त्यांच्या नजरकैदेच्याच दिवसांत, ६ सप्टेंबर २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा व्यक्तींना तुरुंगातील भेटीगाठींत भेदभाव होऊ नये, असे राज्यांना कळविले. तथापि संमती हा शब्द कोठडीत कठीण होतो. जेथे अंथरूण, पाणी आणि कामाची पाळी यांवरही कोणाची तरी सत्ता चालते, तेथे प्रेमाच्या नावाखाली जबरदस्ती घडू शकते. आणि जबरदस्तीच्या आरोपाखाली प्रेमही चिरडले जाऊ शकते. दोहोंतला भेद शिक्षेच्या नोंदवहीला कळणारा नाही. तो त्या स्त्रियांच्या स्वतःच्या कथनातूनच उमगेल. म्हणून ते मिळविणे आणि विश्वासाने जतन करणे हे इतिहासकाराचे पहिले काम ठरते.