कोणतं बटण दाबलं? एका प्रश्नाची कुळकथा

पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरला शून्य ते नऊ अशी दहा बटणं असतात आणि दहांचंही काम एकच, आपापला अंक वर उमटवणं. त्यासाठी तोच कोड दहादा लिहायचा, की एकदाच लिहून ‘यातलं दाबलं कोणतं?’ एवढं विचारायचं? डेस्कटॉप प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न लवकरच उभा राहतो.

पहिलं उत्तर होतं क्रमांक. 1984च्या मॅकिंटॉशवर डायलॉगमधलं बटण दाबलं की प्रोग्रामच्या हाती त्याचा नंबर पडे. ओके 1, कॅन्सल 2. 1985च्या विंडोजमध्ये प्रत्येक बटण ही स्वतःच एक छोटी खिडकी होती. दाबल्यावर ती आपल्या मूळ खिडकीला निरोप धाडी आणि त्यात आपला नंबर घाली. तिथेही ओके 1 आणि कॅन्सल 2. आजही तेच आहेत.

1991च्या व्हिज्युअल बेसिकने हा नंबर सामान्य माणसाच्या आवाक्यात आणला. बटण कॉपी करून पेस्ट केलं की व्हीबी विचारी, कंट्रोल ॲरे करायचा का? हो म्हटलं की सगळ्या बटणांचं नाव एक आणि प्रत्येकाचा इंडेक्स वेगळा, तोही शून्यापासून. कॅल्क्युलेटरची बटणं ओळीने बनवली तर इंडेक्स हाच अंक! इतकं देखणं उत्तर मला दुसरं माहीत नाही.

दुसरं घराणं नेक्स्टस्टेप या संगणक-प्रणालीचं, 1989चं. तिथे नंबराऐवजी दाबलेलं बटणच ‘सेंडर’ म्हणून प्रोग्रामच्या हाती येई. 1995च्या डेल्फीतही सेंडर होता. डेल्फीचे रचनाकार अँडर्स हेल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले, त्यांनी सी-शार्प घडवली, आणि 2002च्या डॉटनेटमध्ये सेंडर पक्का झाला. व्हीबीचा कंट्रोल ॲरे मात्र तिथे गळाला.

जावाने 1996 साली धोक्याची वाट दाखवली. बटण दाबल्यावर हाती येई ते त्याच्यावरचं लेबल, आणि ते ‘सेव्ह’ आहे का, असं ताडून बघायचं. हे फक्त एकभाषी गावात चालतं. दादरा-नगर हवेलीत मराठी, गुजराती, हिंदी शेजारी नांदतात. सिल्वासाजवळच्या रांध्यातल्या एखाद्या काउंटरवर असा प्रोग्राम ठेवून लेबल ‘जतन करा’ केलं, की बटण दिसेल, दबेल, पण काहीच होणार नाही. देवनागरीत तर आणखी एक खोच आहे. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं, अ आणि वरचा चंद्र वेगवेगळे, किंवा 2008 साली युनिकोडमध्ये आलेला एकच संकेत. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे मजकूर आहेत. 1997च्या जावा 1.1मध्ये लेबलपासून अलग असा आज्ञाशब्द बटणाला देता येऊ लागला. तो प्रत्येकाने आवर्जून द्यावा. लेबल वाचणाऱ्या माणसासाठी असतं.

आता लॅम्डा, म्हणजे जागच्या जागी लिहिलेलं निनावी फंक्शन, आल्यापासून विचारायचंच कारण उरलं नाही. बटण बनवतानाच त्याचं काम त्याच्याशी बांधून टाकतात. 2014च्या जावा 8मध्ये ही सोय आली, पायथनच्या टीकेइंटरमध्ये ती आधीपासूनच होती. पण तिथे लूप फिरवून दहा बटणं केली, तर कोणतंही दाबा, 9च उमटतो. लॅम्डा अंक जपून ठेवत नाही, दाबल्यावर चलाची किंमत बघतो, आणि तोवर लूप संपून चल 9वर थांबलेला असतो. इलाज साधा आहे: लॅम्डाच्या पॅरामीटरला तो अंक पूर्वनियत किंमत म्हणून द्यायचा, म्हणजे बटण बनतानाच तो पक्का होतो.