किल्लारी भूकंप-पुनर्वसन

लातूर जिल्ह्यातील किल्लारी (ता. औसा) परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपानंतरची घरबांधणी. दगडमातीच्या रुंद भिंती व जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली. जागतिक बँकेच्या कर्जातून लातूर व धाराशिव (तत्कालीन उस्मानाबाद) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली; त्यांपैकी अनेक गावे देणगीदार संस्थांनी दत्तक घेऊन आपापल्या आराखड्यांनुसार बांधली. शासकीय योजनेत घराचा आकार धारण-जमिनीवरून ठरे : भूमिहीन व १ हेक्टरपर्यंत २५०, ७ हेक्टरपर्यंत ४०० आणि त्यापुढे ७५० चौ. फुट. नुकसानीऐवजी जमिनीचे हे माप गावातील जुनी उतरंड नव्या भिंतींतही टिकविणारे ठरले. शहरी वळणाच्या सरळ रस्त्यांच्या या वसाहतींत गोठा, औतफाटा व कडबा यांच्या जागेचा विचार मात्र थोडकाच झाला.