पाट्यावरची दोन ओझी : पिकअपच्या मागच्या उसळीचा इतिहास

थ्रेड 🧵

१/ ओझर म्हटले की मिग विमाने आठवतात. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विभाग येथे उभा राहिला. आजचा विषय मात्र याच गावावरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा महामार्गावरच्या पिकअपचा. रिकामी पिकअप खडीच्या चढावर जोर लावते, तेव्हा मागची चाके थडथड का उसळतात?

२/ उत्तरासाठी घोडागाडीच्या काळात जावे लागेल. १८०४ च्या सुमारास लंडनच्या ओबाडाया एलियट या गाडी-कारागिराने लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले. एकावर एक पोलादी पट्ट्या रचलेली ही कमान धक्के गिळू लागली आणि घोडागाडीचा प्रवास सुसह्य झाला.

३/ येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाडी ओढत होता घोडा. चाक केवळ फिरत होते. त्यामुळे कमानीला एकच काम होते, वजन पेलण्याचे.

४/ मोटार आली आणि चाकच गाडी ढकलू लागले. चाक पुढे फिरवताना त्याची प्रतिक्रिया आसाच्या हौजिंगला उलट दिशेने पिळते. हा पीळ कोणी सोसायचा? फोर्डच्या मॉडेल टीमध्ये त्यासाठी वेगळी नळी आणि दांडे होते.

५/ फ्रान्सच्या हॉचकिस कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी रचना अधिक साधी व स्वस्त होती. तिने ते दांडे वगळले. वजन पेलणे, आस जागेवर धरणे आणि पीळ सोसणे ही सारी कामे पाट्यांवरच सोपवली. जगभरच्या मालवाहू गाड्यांनी हीच रचना उचलली.

६/ उसळीचे मूळ या काटकसरीत आहे. जोर लागताच पाटा इंग्रजी ‘एस’सारखा वाकतो. टायर घसरला की पीळ सुटतो, पाटा झटक्याने सरळ होतो, टायर पुन्हा पकड घेतो आणि पाटा पुन्हा वाकतो. हे चक्र सेकंदात अनेकदा घडते. तीच ती थडथड.

७/ मग उपायांचा शोध सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धातील जीपच्या पुढच्या डाव्या पाट्याला पीळ आवरणारी जादा स्प्रिंग होती. १९५७ मध्ये क्रायस्लरने मागचा आस पाट्याच्या मध्यापुढे बसवला. पाट्याचा पुढचा भाग आखूड, म्हणून ताठ झाला आणि पीळ घटला.

८/ सर्वांत बोलका धडा शेवरोलेच्या कॅमॅरोचा. १९६७ च्या या मोटारीला मागे एकेरी पाटा होता आणि जोरात निघताना तिची चाके उसळत. १९६८ मध्ये एक शॉकअप आसापुढे आणि दुसरा आसामागे बसवला गेला. आता आस पिळू लागला की शॉकअपच त्याला अडवू लागले.

९/ आपल्याकडे ही पाट्यांची परंपरा जीपबरोबर रुजली. १९४५ मध्ये मुंबईत स्थापन झालेली महिंद्र अँड मोहम्मद कंपनी १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली. तिने विलीज जीप भारतात जोडल्या. पुढे नाशिकच्या सातपूरला तिचा कारखाना उभा राहिला. मालवाहू पिकअपच्या मागे पाटे आजही टिकून आहेत.

१०/ ओझरच्या परिसरात याला मोल आहे. निफाड तालुक्यातील द्राक्षे आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जाणारे टोमॅटो याच पाट्यांवर प्रवास करतात. वजन वाढले की आपण जादा पाटा घालतो. पण केवळ भरल्या गाडीत टेकणारा मदतनीस पाटा रिकाम्या गाडीची उसळ थांबवत नाही. आणि कायम ताठ केलेले पाटे रिकाम्या गाडीला खडबडीत रस्त्यावर अधिकच आदळवतात. पकड सुटते आणि यू-जॉइंटवर घाव बसतात.

११/ म्हणून क्रम असा असावा : आधी झिजलेले बुश, ढिले यू-बोल्ट, तुटलेला पाटा व थकलेले शॉकअप तपासावेत. मग टायरची हवा. त्यानंतरही उसळ राहिली, तर आसापासून चॅसीपर्यंत पीळ रोखणारा दांडा, तोही पाट्याची हालचाल न अडवणारा आणि जाणकाराकडून बसवलेला.

१२/ मित्रहो, या दांड्याकडे नीट पाहा. फोर्डने वेगळे ठेवलेले आणि हॉचकिस रचनेने पाट्यावर लादलेले काम त्याने पुन्हा वेगळे केले आहे. पाट्याकडे उरते घोडागाडीच्या काळापासूनचे त्याचे काम, ओझे पेलण्याचे.