धान्य, दम आणि श्रीरंगपट्टणची वाट

कन्नड संतकवी कनकदासांनी सोळाव्या शतकात ‘रामधान्यचरिते’ नावाचे एक छोटेसे काव्य रचले. तांदूळ श्रेष्ठ की नाचणी, हा वाद त्यात रामापुढे येतो. दोन्ही धान्यांना सहा महिने कोंडून ठेवले जाते, आणि त्या मुदतीनंतरही सकस राहिलेल्या नाचणीच्या बाजूने निकाल लागतो. श्रीमंताच्या भाताला गरिबाच्या नाचणीने दिलेले ते उत्तर होते. धान्यावाचूनच माणसाचे चालते, असे म्हणणारा तिसरा पक्ष मात्र त्या दरबारात नव्हता.

तो पक्ष आज उभा राहिला आहे. भात, भाकरी, पोळी आणि साखर वर्ज्य करावी. मांस, अंडी, पनीर, तूप, दाणे यांवर राहावे. म्हणजे वजन उतरते, रक्तातील साखर ताब्यात राहते आणि अंगातील उत्साहही वाढतो, असे त्याचे म्हणणे. म्हैसुरास बदलून आलेल्या आणि दिवसाचे आठ तास खुर्चीत घालवणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या पंक्तीतही हा विषय हल्ली निघाल्यावाचून राहत नाही. पहिल्या दोन गोष्टींत पुष्कळ तथ्य आहे. तिसरीचा, म्हणजे अंगातील दमाचा, निवाडा मात्र इतिहासाची साक्ष काढून करावा हे बरे. आणि त्यातली एक साक्ष आम्हांपासून पाचसहा कोसांवरच आहे.

इ. स. १७९१च्या मे महिन्यात लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी येऊन पोचला. मार्चमध्ये त्याने बंगळूर घेतले होते आणि १५ मेच्या लढाईत टिपूच्या फौजेला मागे रेटले होते. तरीही त्याला हात हलवीत परत फिरावे लागले. टिपूने वाटेवरचा मुलूख उजाड केला होता, रसद तुटली होती, पाऊस सुरू झाला होता. दाणावैरण नाही, त्यात रोगाची साथ, यामुळे तोफा ओढणारे बैल पटापट मरू लागले. माणसांचा तांदूळही संपत आला. अखेर वेढ्यासाठी आणलेल्या अवजड तोफा आपल्याच हातांनी निकामी करून इंग्रज सेनापतीने माघार घेतली. परतीच्या वाटेवर घोडेस्वार दिसले तेव्हा ते टिपूचेच असे समजून इंग्रज सज्ज झाले. पण ते हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेचे निघाले. एप्रिलात धारवाड घेऊन भाऊ दक्षिणेत उतरले होते. मराठ्यांच्या लष्करी बाजारात धान्य होते. दर चढे होते, अशी तक्रार इंग्रज लेखकांनी नोंदवून ठेवली आहे, आणि ती खोटी नसावी. पण त्या धान्याने छावणीतील चुली पुन्हा पेटल्या. पुढच्या फेब्रुवारीत इंग्रज पुन्हा श्रीरंगपट्टणवर आले ते लमाणांच्या धान्यवाहू तांड्यांची नीट व्यवस्था लावून. आणि मार्च १७९२ मध्ये टिपूला तह करावा लागला.

या प्रसंगावरून ‘धान्य सुटले की दम सुटतो’ असा सरळ निष्कर्ष काढणे मात्र न्यायाचे होणार नाही. ती उपासमार होती. तेथे धान्याच्या जागी दुसरे पोटभर अन्न नव्हते. पोट भरलेले आहे, पण धान्य नाही, अशा माणसाचे काय होते, हा प्रश्न वेगळा आहे.

त्याचे पहिले चांगले उत्तर उत्तर ध्रुवाकडून आले. १८७८ ते १८८० या काळात अमेरिकी अधिकारी फ्रेडरिक श्वाट्का याने बर्फातून तीन हजार मैलांवर प्रवास केला, तो बहुतांशी शिकारीच्या मांसावर. निव्वळ मांसाहाराने आरंभी अशक्तपणा वाटतो आणि दोनतीन आठवड्यांत तो ओसरतो, असे त्याने नोंदले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅनडात पायदळाच्या एका तुकडीला केवळ पेमिकनवर, म्हणजे सुकवलेले मांस व चरबी यांच्या मिश्रणावर, ठेवून पाहिले. थोड्याच दिवसांत ती तुकडी निकामी झाली. या चाचणीचा अहवाल १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. शरीराला सवय व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ सैनिकांना मिळाला नव्हता.

मग सवय झाल्यावर दम पूर्ववत होतो काय? १९६७ साली स्वीडनमध्ये स्नायूंचे सूक्ष्म तुकडे काढून तपासणाऱ्या संशोधकांनी या प्रश्नाची कळ शोधली. भात-भाकरीतील पिष्टाची शरीरात साखर होते आणि ती ग्लायकोजेनच्या रूपाने यकृतात व स्नायूंत साठते. हा साठा सारा मिळून अर्ध्या किलोच्या आसपास. थोडे दिवस चरबी व मांसावर ठेवलेली माणसे जड श्रमाच्या सायकलीवर सुमारे तासाभरात थकली. भरपूर पिष्ट खाल्लेली तीच माणसे त्याच्या जवळजवळ तिप्पट वेळ टिकली. चरबीचा साठा किलोंनी असतो हे खरे, पण ती जाळायला अधिक प्राणवायू लागतो. संथ चालीत हे जाणवत नाही. चढ लागला, वेग वाढला की जाणवते.

पुढे १९८३ मध्ये अमेरिकेत पाच सरावलेल्या सायकलपटूंना चार आठवडे धान्याविना ठेवले, तेव्हा मध्यम गतीच्या श्रमात त्यांचा सरासरी टिकाव कमी झाला नाही. धान्यत्यागाच्या पुरस्कर्त्यांचा हा मोठा आधार. परंतु २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील प्रयोगात, जलद चालण्याच्या शर्यतीत उतरणाऱ्या खेळाडूंपैकी धान्य सोडलेल्यांना त्याच वेगासाठी अधिक प्राणवायू लागू लागला. इतरांची सरावाने प्रगती झाली, त्यांची झाली नाही. सारांश, संथ श्रमाला सवयीने चरबी पुरते; तीव्र श्रमाला धान्य लागते.

यावरून भाताचे ढीग रिचवावेत असे मात्र ठरत नाही, आणि त्याची साक्ष शेजारच्या निलगिरीवर आहे. कुन्नूर येथे रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९२० नंतरच्या दशकात हिंदुस्थानच्या निरनिराळ्या प्रांतांचे आहार उंदरांना घालून पाहिले. शीख आहारावरचे उंदीर सर्वांत सुदृढ, मग पठाण, त्यामागे मराठा. कन्नड आहार त्याखाली आणि मद्रासी सर्वांत शेवटी. मराठी वाचकाला यात सुख वाटेल. पण बोध निराळा आहे. पहिल्या आणि शेवटच्या, दोन्ही ताटांत मुख्य भाग धान्याचाच होता. फरक होता तो धान्य सालीसकट की सडलेले, आणि त्यासोबत दूध, डाळ, भाजी किती, यात.

म्हैसुरातील संस्थांनीही हीच वाट धरली. १९५० साली चेलुवांबा महालात सुरू झालेल्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने शेंगदाणा व हरभरा यांच्या पिठांचे बहुगुणी अन्न सिद्ध केले, ते धान्याला जोड म्हणून. १९६१ साली येथेच निघालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने जवानांसाठी टिकाऊ चपात्या आणि तयार पुलाव केले. बर्फात पहारा करणाऱ्याच्या शिध्यातून धान्य काढावे, असे कोणी सुचवले नाही.

तेव्हा ताट श्रमावरून ठरवावे. मंड्याकडील उसाच्या शेतात राबणाऱ्याच्या नाचणीच्या मुद्द्यातले बळ संध्याकाळपर्यंत खर्च झालेले असते. त्याला आपल्या पथ्याचा उपदेश करू नये. आमचा भात फायलींवर खर्च होत नाही. तो निम्मा करून त्या जागी डाळ, उसळ, भाजी, ताक घेतले तर नुकसान नाही, लाभच आहे. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून एकदम धान्य सोडू नये. साखर धोकादायक रीतीने उतरू शकते. आणि चामुंडीच्या हजार पायऱ्या झपाट्याने चढण्याचा बेत असेल, त्या दिवशी दोन भाकऱ्या खाऊन निघण्यात कोणताही नियमभंग नाही.