भेटीची वाट

जबलपूर शहरात, बड्या फुहाऱ्यानजीक सराफ्याच्या गजबजाटात, कमानिया गेट उभे आहे. १९३९ च्या मार्च महिन्यात जवळच त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे हे स्मारक होय. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस त्या वेळी तापाने अंथरुणास खिळले होते. मिरवणुकीत हत्तींनी ओढलेल्या रथातून निघाली ती त्यांची तसबीर, आणि त्यांचे इंग्रजी भाषण वाचून दाखविले ते थोरले बंधू शरच्चंद्र यांनी. ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु या दोघा बंधूंचा जबलपूरशी त्यापूर्वीही संबंध आला होता, आणि तो तुरुंगाच्या भिंतीआड.

१९३२ च्या जानेवारीत सुभाषबाबूंना मुंबईजवळ कल्याण स्थानकावर अटक झाली व त्यांची रवानगी मध्यप्रांतातील शिवनीच्या तुरुंगात करण्यात आली. पाठोपाठ शरच्चंद्रही तेथे आले. पुढे दोघांना जबलपूरच्या मध्यवर्ती तुरुंगात हलविले. त्यांना लावलेला कायदा १८१८ सालचा: त्यात ना आरोप, ना खटला, ना मुदत! नवल असे की, याच जुन्या कायद्यात राजबंद्याच्या कुटुंबाच्या चरितार्थाचा विचार केलेला आढळतो. विचार नव्हता तो अंतराचा. बंगालमध्ये तुरुंगांची वाण नव्हती. खुद्द कलकत्त्यात अलीपूरचा तुरुंग होता. तरीही घरच्यांनी भेटीस यावयाचे तर हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करावयाचा. कलकत्ता ते जबलपूर आगगाडी १८६७ पासून धावत होती आणि बोस कुटुंब सुस्थितीतले होते, म्हणून तो प्रवास त्यांच्या आवाक्यात तरी होता. ज्या घरचा कर्ता पुरुषच गजाआड गेला, त्या शेतकऱ्याच्या वा मजुराच्या घराने तिकिटाचे पैसे कोठून आणावे?

शिक्षेची वर्षे इतिहास मोजतो. भेटीसाठी तुडविलेली वाट मोजीत नाही. महाराष्ट्राला तर या वाटेची ओळख फार जुनी आहे. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांना ब्रह्मदेशात मंडालेस नेण्यात आले. पुण्याहून तेथे जावयाचे म्हणजे हिंदुस्थान ओलांडून समुद्र, आणि समुद्र ओलांडून पुन्हा आगगाडी. भाचे धोंडोपंत विद्वांस यांनी हा प्रवास केला. घरच्या कामकाजाचा धागा त्यांच्यामुळेच टिकला. सत्यभामाबाई मात्र ७ जून १९१२ रोजी पुण्यात वारल्या, आणि पतीला ती वार्ता परदेशीच्या तुरुंगात कळली.

अंदमानची कथा याहून कठोर. विनायकराव सावरकर तेथे १९११ मध्ये गेले. थोरले बंधू बाबाराव आधीच पोहोचले होते. धाकटे बंधू डॉ. नारायणराव आणि विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई यांना भेट घडली ती १९१९ मध्ये, आठ वर्षांनी. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी त्या भेटीची वाट पाहतच, थोड्याच काळापूर्वी निवर्तल्या होत्या.

१८९४ च्या कारागृह कायद्यात भेटीस येणाऱ्यांची नोंद व झडती यांविषयी कलमे आहेत. त्यांच्या प्रवासखर्चाविषयी मात्र अक्षर नाही. इंग्लंडमध्ये अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना अशा प्रवासासाठी सरकारी साहाय्य मिळते. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये संमत केलेल्या मंडेला नियमांतही, कैद्यास शक्यतो घरानजीकच्या तुरुंगात ठेवावे, असे एकोणसाठावे कलम आहे. आता आपल्याकडे पडद्यावरच्या 'ई-मुलाकाती'ची सोय झाली आहे. ती उपयोगी आहे यात शंका नाही. पण लहान लेकराला बापाच्या मांडीवर बसविणे पडद्यास साधत नाही.

आणि तरीही, त्रिपुरीचे अधिवेशन भरले त्याच १९३९ साली, एका लहानशा मराठी संस्थानाने हा प्रश्न उलट्या टोकाकडून सोडविला होता. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या राज्यात, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत वसली. तेथे भिंत नव्हती. शिक्षा भोगणारे कैदी शेती करीत आणि बायकामुले त्यांच्यासमवेत राहत. व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटास स्फूर्ती मिळाली ती याच प्रयोगातून. चित्रपट देशभर पोहोचला. कुटुंबासह राहण्याची ती रीत मात्र तितकी पसरली नाही.