भंगारातले दप्तर

1898 साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यातील कागद आपल्या सातारा जिल्ह्यातील वाई येथे हाती लागले होते. त्या काळी घरोघरच्या माळ्यांवर मोडी कागदांचे रुमाल धूळ खात पडलेले असत आणि त्यांतले कित्येक रद्दीच्या वाटेने नाहीसे होत. राजवाड्यांनी व त्यांच्यामागून आलेल्या संशोधकांनी गावोगाव हिंडून जेवढे वाचविता आले तेवढे वाचविले. रद्दी कोणती आणि दप्तर कोणते हे वाचणाऱ्याच्या दृष्टीवर ठरते, हा धडा त्यांनी आपणास घालून दिला. कागदाविषयी आलेले हे शहाणपण लोखंडाविषयी मात्र आपणास अजून यावयाचे आहे.

आजचा विषय जुनी मोटरसायकल घरच्या घरी दुरुस्त करण्याचा आहे, हे ऐकून श्रोत्यांपैकी काहींना हसू आले असेल. व्याख्यानमालेत फटफटीला जागा कशी मिळाली, असेही कोणी मनात म्हणेल. आमचे म्हणणे एवढेच की, सांगलीच्या एका भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने उचललेली 1968 सालची एक जावा मोटरसायकल साताऱ्यातल्या परसात उघडून बसलो, तेव्हा गेल्या साठ वर्षांतला या दोन जिल्ह्यांचा जो इतिहास आमच्या हाती आला, तो कोणत्याही पुस्तकात आम्हांस सापडला नव्हता. तो वाचताना आमच्या हातून एक चूकही झाली. ती सांगितल्यावाचून हे व्याख्यान पुरे व्हावयाचे नाही.

प्रथम या गाडीचे कुळ सांगू. 1929 साली चेकोस्लोव्हाकियातील यानेचेक नावाच्या कारखानदाराने वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकलचा आराखडा विकत घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव तयार केले. आग्नेय आशियातील जावा बेटाशी तिचा काही संबंध नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या इराणी मंडळींनी या गाड्या आपल्याकडे आणविल्या. पुढे परदेशी मालावर निर्बंध आले, तेव्हा त्यांनी म्हैसूर येथे कारखाना काढला आणि 1961 पासून तेथे गाड्या तयार होऊ लागल्या. 1973 पासून त्या ‘येझदी’ या नावाने निघू लागल्या आणि 1996 साली तो कारखाना बंद पडला. त्याच सुमाराच्या आणखी दोन गाड्या आपल्या रस्त्यांना परिचित आहेत. मद्रासेस 1955 साली स्थापन झालेल्या कंपनीची एन्फील्ड बुलेट ही एक, आणि पोलंडमधील आराखड्यावरून फरिदाबादेस होऊ लागलेली राजदूत ही दुसरी. अशा रीतीने प्राग, इंग्लंड व पोलंड येथील कारागिरांची बुद्धी म्हैसूर, मद्रास व फरिदाबाद या मार्गांनी कृष्णाकाठच्या गाडीवाटेपर्यंत येऊन पोचली.

ती येथे आली एवढेच नव्हे, तर रुजली. याचे कारण जमीन आधीच नांगरलेली होती. 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावास सायकलींचे दुकान काढले. आलेली यंत्रे उघडावयाची, समजून घ्यावयाची आणि मग स्वतः घडवावयाची, हा त्यांचा क्रम होता. 1910 साली औंध संस्थानच्या अधिपतींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. तेच आजच्या सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. इकडे साताऱ्याजवळ सातारा रोड येथे कूपर यांच्या कारखान्यात नांगर झाले आणि 1930 नंतरच्या दशकात डिझेल इंजिनेही होऊ लागली. मग विहिरीविहिरींवर मोट जाऊन इंजिने बसली, आणि इंजिन बसले की ते बिघडणारच. त्यामुळे तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत एक लेथ, एक टर्नर व एक वेल्डर उभा राहिला. याच लेथवर पुढे फटफटीचे सिलिंडर बोअर होऊ लागले.

मिरजेची गोष्ट याहून जुनी आहे. हत्यारांना धार देणाऱ्या शिकलगारांचे काम राज्ये गेल्यावर कमी झाले. 1850 च्या सुमारास त्यांच्यापैकी फरीदसाहेबांनी सतारी व तंबोरे यांच्या दुरुस्तीस हात घातला आणि दुरुस्ती करता करता ते नवी वाद्ये घडवू लागले, असे परंपरेने सांगितले जाते. मिरजेच्या तंबोऱ्याची आज जी कीर्ती आहे तिच्या मुळाशी अशी एक दुरुस्ती आहे. आपल्या भागात दुरुस्ती ही निर्मितीची थोरली बहीण आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आता आमच्या परसातल्या दप्तराकडे वळू. गाडी आणली तेव्हा तिची किक जागची हलत नव्हती. जावाची किक हीच गिअरची दांडीही असते. ती आत दाबून वर फिरविली म्हणजे किक होते आणि किक मारून खाली आणली म्हणजे पुन्हा गिअर होतो. ती हलत नाही याचा अर्थ पिस्टन सिलिंडरात गंजून बसला आहे. अशा वेळी हातोडा घेणे म्हणजे चिकटलेले मोडी पान ओढून फाडण्यासारखे आहे. आम्ही प्लग काढला, त्या भोकातून रॉकेल व डिझेल यांचे मिश्रण ओतले आणि पंधरा दिवस रोज थोडे थोडे घालीत स्वस्थ बसलो. सोळाव्या दिवशी लाकडाच्या ठोकळ्यावर हलकेच दाब देताच पिस्टन केसभर सरकला. त्या केसभर हालचालीचा आनंद ज्याने घेतला असेल त्यालाच कळेल.

पिस्टन बाहेर आला आणि वाचन सुरू झाले. त्याच्या माथ्यावर 65.75 असा आकडा कोरलेला होता. या इंजिनाच्या सिलिंडराचे मूळ माप 65 मिलिमीटर. ते झिजले की पाव मिलिमीटरने मोठे करून त्या मापाचा पिस्टन घालावयाचा, अशी पद्धत आहे. म्हणजे बहुधा तीन वेळा हे इंजिन झिजले आणि तीन वेळा कोणा टर्नरने त्याला पुन्हा उभे केले. या जातीच्या इंजिनात तेल वेगळे नसते. पेट्रोलातच मिसळून ते आत जाते. तेलाचे माप चुकले, की पिस्टन तापून धरतो. सिलिंडरच्या अंगावर तशा जुन्या ओरखड्यांच्या खुणा होत्या. तेल महाग झाले की हात आखडता घेणारा एखादा मालक आम्हांला त्या ओरखड्यांत स्पष्ट दिसला.

टाकीवरचा रंग आम्ही पाण्याच्या घासपेपरने हळूहळू उतरविला. वर ब्रशाने दिलेला निळा तेलरंग होता, त्याखाली काळा, आणि सर्वांच्या तळाशी जावाचा तो ओळखीचा डाळिंबी. एका ठिकाणी सोनेरी रेघेचा वीतभर तुकडाही शिल्लक होता. क्लचच्या झाकणाखालचा एक वायसर कोणी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केला होता. मूळ भाग मिळत नव्हते, मिळाले तर परवडत नव्हते आणि गाडी थांबवून चालत नव्हते, अशी तीन वाक्ये त्या पत्र्याच्या चकतीवर लिहिलेली होती.

गाडीबरोबर मिळालेल्या नोंदणी पुस्तकातली पहिली नोंद साताऱ्याची होती. त्यानंतर दोन वेळा नावे बदलून गाडी सांगली जिल्ह्यात गेली होती. हे दोन जिल्हे 1949 पूर्वी सातारा या नावाने बहुतांशी एकच होते. नंतर उत्तर व दक्षिण सातारा झाले आणि 1960 साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. कागदावर वेगळे झालेले हे भाग रस्त्याने, बाजाराने व सोयरिकीने जोडलेलेच राहिले. त्याचा पुरावा या फाटक्या पुस्तकात होता.

आता चूक सांगतो. मागच्या सीटच्या दोन्ही अंगांस सांगाड्याला जाड सळीचे दोन ओबडधोबड आकडे वेल्डिंग केलेले होते. म्हैसूरच्या कारखान्यात ते नव्हते, हे उघड होते. आमच्या डोक्यात एकच वेड होते, की गाडी 1968 साली दुकानातून बाहेर पडली तशी झाली पाहिजे. आम्ही ग्राइंडर लावून डावा आकडा कापला आणि ती जागा घासून गुळगुळीत केली. उजवा दुसऱ्या दिवशी कापावयाचा होता.

त्याच संध्याकाळी पुस्तकातील शेवटचे मालक आले. त्यांचा पत्ता शोधून आम्हीच निरोप धाडला होता. तासगावकडचे पंचाहत्तरीतले गृहस्थ, डोक्यास पटका, हातात काठी. गाडीभोवती ते एकदा फिरले. टाकीवरून हात फिरविला. मग डाव्या बाजूस येऊन थांबले.

“आकडा काढलासा व्हय?” त्यांनी विचारले.

“होय आजोबा. मूळचा नव्हता तो,” आम्ही म्हणालो.

“मूळचा नव्हता, खरं हाय,” ते म्हणाले. “मीच लावून घेतला. दोन्हीकडं दोन किटल्या. पहाटं चारला निघायचं. तीन पोरींची लग्नं त्या आकड्यावर झाली बघा.”

त्यात तक्रारीचा सूर नव्हता. चहा घेऊन ते परत गेले. आम्ही मात्र त्या गुळगुळीत केलेल्या जागेकडे पाहत बसलो. राजवाड्यांचे नाव घेऊन कामास लागलेल्या आम्ही कागदाच्या समासातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर खरवडून टाकला होता. जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा आणि त्या उत्साहात शिलालेखावर तैलरंग फासावयाचा, हे आपण गावोगाव पाहतो व हळहळतो. आमच्या हातून वेगळे काय झाले होते?

हा प्रश्न आता केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीस 50 वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बांधा वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. पहिल्या नोंदणीस 20,000 रुपये व नूतनीकरणास 5,000 रुपये शुल्क आहे. अशी गाडी प्रदर्शनास वा मेळाव्यास नेता येते, रोजच्या वापरास नाही. हा नियम आम्ही स्वागतार्ह मानतो, कारण त्याने भंगार आणि वारसा यांच्यामध्ये एक रेघ ओढली. पण ‘मूळ स्वरूप’ या दोन शब्दांचा अर्थ मात्र आपणच नीट लावला पाहिजे. कारखान्याने गाडी एकदाच घडविली. तिच्या पुढच्या आयुष्यात टर्नरने, वेल्डरने, दूध घालणाऱ्या शेतकऱ्याने तिला पुन्हा पुन्हा घडविले. श्रीमंतांच्या गाड्या झाकून ठेवलेल्या असतात, म्हणून त्या मूळ स्वरूपात राहतात. कष्टकऱ्याची गाडी तशी राहत नाही. केवळ कारखान्याचाच हात खरा मानला, तर शंभर वर्षांनी कोणी असे समजेल की, आपल्याकडे फटफट्या फक्त मेळाव्यांत मिरविण्यासाठी होत्या.

उजवा आकडा आम्ही ठेवला आहे. डावा कापलेला तुकडा सापडला, तो पुन्हा जोडण्याचा विचार मनात आला होता. पण तो केला नाही. संशोधकाने आपली चूकही दप्तरात राहू द्यावी. टाकीला डाळिंबी रंग दिला, मात्र तळाशी तळहाताएवढ्या जागेत निळा, काळा व डाळिंबी असे तिन्ही थर तसेच ठेवले. पत्र्याचा वायसर जागच्या जागी आहे आणि अजून तेल गळू देत नाही. किती भाग बदलले, कोणते माप घातले, कोणता आकडा आम्ही कापला व तो कोणाचा होता, हे सर्व एका वहीत तारखांनिशी लिहून ती वही नोंदणी पुस्तकासोबत बांधून ठेवली आहे.

तेव्हा आमची विनंती एवढीच. आपल्यापैकी अनेकांच्या परसात, गोठ्यात, जिन्याखाली अशी एखादी गाडी, एखादे ऑइल इंजिन, एखादे शिवणयंत्र पडलेले असेल. ते भंगारवाल्यास देण्याआधी एकदा उघडून पाहावे. दुरुस्त करावयाचे ठरविले, तर ग्राइंडर हाती घेण्यापूर्वी ज्याने ते वापरले त्या म्हाताऱ्या माणसास बोलावून चहा पाजावा. आम्ही ते एक दिवस उशिरा केले.