कृषिपंप ऊर्जा कार्यक्षमता कार्यक्रम

कृषिपंप ऊर्जा कार्यक्षमता कार्यक्रम म्हणजे सिंचनाच्या पाण्यात घट न होता पंपांची वीज वाचावी, यासाठी वीज वितरण कंपनी व शासन यांनी आखलेली योजना होय. जुने पंप बदलून त्या जागी तारांकित पंप बसविणे हा तिचा गाभा आहे.

जुन्नर तालुक्यातील येडगाव येथे कुकडी नदीवर धरण असून कुकडी प्रकल्पाचा डावा कालवा तेथून निघतो. अशा बागायती पट्ट्यात कालव्याच्या आवर्तनाबरोबरच विहिरी व नदी यांतून पंपाने पाणी उचलले जाते. पंपाची झीज, अरुंद पाइप, गळका फूटवॉल्व्ह आणि जळालेल्या मोटारीचे वारंवार होणारे रिवाइंडिंग यांमुळे बरीच वीज वाया जाते. मोटार व पंप मिळून कार्यक्षमता ३० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेली, तर तेवढ्याच पाण्यासाठी लागणारी वीज एक-तृतीयांशाने घटते.

महाराष्ट्रातील अनुभव

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने देशातील पहिला पथदर्शी प्रकल्प सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा उपविभागात राबविला. तेथे २,२०९ जुने पंप बदलण्यात आले व वर्षाला सुमारे ६१ लाख युनिट वीज वाचल्याचे ब्यूरोने नोंदविले. वितरण कंपन्यांनी असे कार्यक्रम कसे आखावेत, याची चौकट महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१० च्या विनियमांत घालून दिली होती.

बचत कोणाची?

खरी अडचण यंत्राची नसून हिशेबाची आहे. अमेरिकेतील काही राज्यांत बंदिस्त जागेत दिव्यांखाली गांजाची कायदेशीर लागवड होते. तेथे उत्पादक मीटरप्रमाणे बिल भरतो आणि एलईडी दिव्यांसाठी वीज कंपनीकडून अनुदान मिळाले, तर उरलेला खर्च बिलातील बचतीतून वसूल करतो. येथे मीटर नसलेल्या पंपाचे बिल अश्वशक्तीवर ठरते. शिवाय एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात मोफत वीज आहे. वाचलेल्या युनिटचा लाभ कंपनीला व अनुदान देणाऱ्या शासनाला होत असता, महाग पंपाचा भार शेतकऱ्याने का उचलावा? म्हणून पंपाचा खर्च लाभ घेणाऱ्यानेच करणे न्याय्य ठरते.

शेतकरी जाड तारेची दणकट मोटार पसंत करतो, त्यालाही कारण आहे. रोहित्रावर भार वाढून दाब घसरला की नाजूक मोटार जळते आणि ऐन उन्हाळ्यात पीक वाळते. त्यामुळे पंप बदलताना वाहिनीचा दाब सुधारणे, विहिरीच्या खोलीनुसार पंप निवडणे आणि दुरुस्तीची सोय गावाजवळ ठेवणे ही कामे सोबतच करावी लागतात. बचत मोजण्यासाठी वाहिनीवर मीटर हवा. तेथेही पीक, पाऊस व वीजपुरवठ्याचे तास यांतील फरक वजा करावा लागतो, अन्यथा चांगल्या पावसाळ्याचे श्रेय नव्या पंपाला मिळते.